पठारावरचा समुद्र

आमच्या घरातला समुद्र पोळ्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो. नातीने जाण्याआधी टॅबमध्ये जहाजांचा नकाशा दाखवणारं एक ॲप घालून दिलं. जगातली जहाजं त्यात बाणांसारखी दिसतात. त्यातला एक हिरवा बाण बोटांनी मोठा करून ती म्हणाली, “आजी, ही मी. रोज सकाळी बघायचं आणि रडायचं नाही.”

रडतंय कोण. मी तेव्हा चष्मा पुसत होते. निळ्या रंगावर ती मेथीच्या दाण्याएवढी दिसत होती.

नात जहाजावर शिकाऊ अधिकारी आहे. तिचं जहाज फक्त मोटारी वाहतं. फोटोत पाहिलं तर चाकणच्या एमआयडीसीतलं एखादं बिनखिडक्यांचं गोदाम कोणीतरी उचलून पाण्यात सोडलंय असं वाटतं. आत मजल्यांवर मजले, आणि मजल्यांवर पट्ट्यांनी जखडलेल्या गाड्या. त्यातल्या कितीतरी चाकणलाच बनलेल्या. माझी लेक, म्हणजे नातीची आई, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. रोज मोशीच्या पुढे ती याच गाड्या लादलेल्या ट्रेलरमागे अडकते आणि उशिराचं खापर त्यांच्यावर फोडते. आता त्याच गाड्यांमागोमाग पोरगी गेली. विमानाने दक्षिण आफ्रिकेतल्या एका बंदरात पोचली आणि तिथे जहाजावर चढली. पुढे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून वर युरोपकडे जायचं. आपल्याकडून युरोपला निघालेल्या जहाजाला जवळची वाट आहे, पण तिथे सध्या जहाजांवर हल्ले होतात, म्हणून ही लांबची. या टोकाला जुने दर्यावर्दी वादळांचं टोक म्हणत.

चिंचवडच्या बाईला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण माझं स्पॅनिश मधे आलं.

तेही कसं, तर लग्नानंतर मी हट्टाने पुण्याला परकी भाषा शिकायला जायचे. जर्मनचा वर्ग भरलेला होता, स्पॅनिशचा रिकामा होता. स्पेनविषयी माझी ओढ एवढीच. पण पुढे मी अशी काही विदुषी झाले की कुकरची शिट्टी झाली तरी मान वर करायची नाही. शेवटच्या वर्षी या विदुषीने मोठा निबंध लिहिला, जुन्या स्पॅनिश साहित्यातल्या समुद्रावर. विदुषीने तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. चिंचवडच्या पुलावरून पवना पाहिली होती, तीही उन्हाळ्यातली.

निबंधाचा सारांश असा: जहाज म्हणजे माणसाचा जीव, वारा म्हणजे दैव, वादळ म्हणजे मनाची खळबळ आणि बंदर म्हणजे मोक्ष. हे सगळं लॅटिनमधून आणि चर्चच्या प्रवचनांतून आलेलं, एकाने दुसऱ्याचं उचललेलं. सबब त्यात खरा समुद्र शोधू नये. ‘सबब’ हा शब्द विदुषीचा फार लाडका. आमच्या सरांनी समासात एवढंच लिहिलं, “बाई, हे लोक तोवर खरोखर समुद्रावर जाऊ लागले होते, हे लक्षात घेतलंत का?” मी घरी येऊन ह्यांना सांगितलं की सर माझ्यावर जळतात.

पुढे याच स्पॅनिशवर मी चाकणच्या इंजिनिअरांना शिकवून संसाराला हातभार लावला. त्यांना जहाजंबिहाजं नको होती. “बोल्ट ढिला आहे” आणि “जेवण शाकाहारी आहे का” एवढं आलं की ते स्पेनला जायला तयार. निबंध माळ्यावर गेला.

नातीचा बाण सुरुवातीला किनाऱ्याला धरून चालला होता. भित्री बाई फुटपाथच्या कडेकडेने चालते तसा. ती रोज काहीतरी पाठवायची. नारिंगी कपड्यातला फोटो, जेवणाच्या ताटाचा फोटो, पायाला आलेल्या फोडाचा फोटो. मग एके दिवशी लिहिलं, “आजी, आता किनारा सुटतोय. हवा खराब होणार म्हणतायत. नेट असलं तर बोलते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळता मळता पाहिलं. बाण जिथे होता तिथेच. माझ्या “जेवलीस का” पुढे एकच टिक. मी म्हटलं, सकाळ आहे, चालेल थोड्या वेळाने. दुपारीही तिथेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तिथेच. किनाऱ्याजवळचे बाकीचे बाण मुंग्यांसारखे सरकत होते, आणि आमचाच तेवढा निळ्यात एकटा उभा.

आमचे हे पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले. काहीही बिघडलं की आधी ते बंद करून पुन्हा चालू करायचं, हे त्यांचं शास्त्र. त्यांनी उठून वाय-फाय बंद केलं.

“अहो, अडचण आफ्रिकेत आहे. चिंचवडात नाही.”

“बघू तर खरं.”

वाय-फाय पुन्हा आलं. बाण तिथेच.

“अँटेनाबिंटेना असेल,” ते म्हणाले. मग म्हणाले, “लेकीला बोलू नकोस. ती मशीनसमोर उभी असते दिवसभर. डोकं जाग्यावर पाहिजे.”

लेक निगडीला राहते, जावई नोकरीसाठी गुजरातेत. कंपनीतून परतताना ती रोज आमच्याकडे चहाला थांबते. तिची गाडी खाली वाजली की मी टॅब उपडा करून त्यावर पोळ्यांचं फडकं टाकू लागले. ती यायची, चहा घ्यायची, ट्रेलरवाल्यांना शिव्या घालायची आणि जायची. मुलीचं नाव काढायची नाही. मला वाटायचं, काय धीराची आहे ही. माझ्यावर गेली नाही, बरं झालं.

माझं काय चाललं होतं ते सांगते.  नळाचं पाणी भांड्यात पडायला लागलं की मी तो बंद करायचे, तो आवाज नको व्हायचा. आंघोळीची बादली भरली की तिच्यात बघायचे नाही. टीव्हीवर बातम्यांच्या खालची पट्टी धावायची, तिच्यात ‘जहाज’ शब्द येतोय का ते वाचत बसायचे, आणि हे चॅनेल बदलायला गेले की ओरडायचे, “राहू द्या.” ह्यांना कळायचं. ते रिमोट खाली ठेवायचे.

आणि नेमकं याच आठवड्यात माझं भाषण होतं. निगडीच्या प्राधिकरणात बायकांचं एक वाचन मंडळ आहे. पोरगी जाण्याआधी त्यांच्यापुढे मिरवायच्या भरात मीच विषय देऊन बसले होते, जुन्या स्पॅनिश साहित्यातला समुद्र. आता नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलं की ते निगडीभर फिरून लेकीच्या कानावर जाईल. म्हणून ह्यांना माळ्यावर चढवलं आणि निबंध काढला.

पहिल्याच पानावर विदुषीने ‘लाटांचे तांडव’ लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर पुन्हा तांडव. तिसऱ्यावर थकून ‘रौद्र नर्तन’. ती समोर असती तर मी तिला बालदीभर पाणी आणि फरशी पुसायचं फडकं दिलं असतं. बाजूला थांबलेला बाण आणि समोर हे नर्तन. मी ते मिटलं आणि मूळ पुस्तकं काढली. तीच पुस्तकं, पण आता मी वेगळंच वाचत होते. बुडालेल्यांचे नातेवाईक यादी वाचतात तसं.

आणि दिसायला लागलं. आधीच्या लेखकांचं वादळ सगळं सारखं होतं. काळे ढग, फाटलं शीड, देवाचा धावा. कोणाचंही वादळ कोणाच्याही कवितेत घालावं, काही बिघडणार नाही. मग महासागरापलीकडच्या नव्या मुलखाला जहाजं जाऊ लागली आणि लिहिण्यात वस्तू येऊ लागल्या. होकायंत्राची सुई आली. खोली मोजायची, शिशाचं वजन बांधलेली दोरी आली. अळ्या पडलेली बिस्किटं, उवा, उंदीर, फळ्यांमधून झिरपणारं पाणी आलं. प्रेमात पडलेला माणूस आता नुसता तळमळत नव्हता. सुई जशी उत्तरेकडे वळते तसा तो तिच्याकडे वळत होता. तिच्या केसांतलं सोनं पलीकडच्या खाणींतल्या सोन्याशी तोललं जात होतं. आणि ज्याला आयुष्यात काही उरलं नाही तो स्वतःला म्हणत होता, मी फुटक्या जहाजाच्या फळीवर पडलेला माणूस आहे.

मला सगळ्यात धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. हे लिहिणारे बरेच जण समुद्राजवळचे नव्हतेच. स्पेनचा मधला भाग म्हणजे उंच, कोरडं पठार. गहू आणि मेंढरं, उन्हाळ्यात भाजून काढणारं, आपल्या देशावरच्यासारखं. तिथल्या घरात बसून लोक लाटा लिहीत होते. कारण त्यांच्या घरातलं कोणीतरी तिकडे गेलेलं होतं. पत्राला वर्ष लागायचं. पत्र आलं तरी ते लिहिणारा जिवंत आहे का, ते पत्रावरून कळायचं नाही. त्यांच्याकडे बाणही नव्हता.

डोंगरावरचं पाइनचं झाड दिसलं की त्यांच्यातल्या एखाद्याला त्याची डोलकाठी दिसायची. हे झाड तोडतील, जहाज करतील, त्यावर कोणाचं तरी पोर चढवतील. पहिलं जहाज बांधणाऱ्याला शिव्याशाप देणं ही लॅटिनमधली जुनीच रीत, विदुषीने बरोबर नोंदवली होती. पण त्या शिव्या आता मनापासून दिल्या जात होत्या. मला ते ओळखू आलं, कारण त्याच दिवशी मी गॅलरीतून रस्त्यावरच्या एका नव्या कोऱ्या गाडीला शिवी दिली होती.

दुपारी बेल वाजली तसा मी टॅब उपडा करून फडकं टाकलं, तर शेजारच्या वहिनी आल्या. चाकणकडच्या जुन्या शेतकरी घरातल्या, जमीन कारखान्याखाली गेली, आता इकडे फ्लॅटमध्ये. मी पुस्तक पुढ्यात घेऊन बसलेली पाहून त्यांनी विचारलं, “काय वाचताय एवढं तोंड पाडून?”

“स्पेनचे जुने लोक म्हणायचे, जहाज पाणी नांगरत जातं,” मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“नांगरून पेरत्यात काय?”

“काही नाही.”

“मंग नांगरायचं कशाला? आमच्या ह्यांनी असलं काई केलं असतं तर सासऱ्यांनी भाकर बंद केली असती.” त्या हसल्या. मग टॅबकडे पाहून म्हणाल्या, “पोरगी कुठवर आली?”

“चाललीय,” मी म्हटलं.

वहिनींनी उपड्या टॅबवरचं फडकं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जाताना दारातून म्हणाल्या, “मी घरीच हाय. हाक मारा.” त्यांनी जाऊन दार लावलं आणि मी फडकं काढून पुन्हा एकदा बाण पाहिला. तिथेच.

त्या पुस्तकांत वहिनींचाच प्रश्न पुन्हा पुन्हा होता. पाणी नांगरणाऱ्यांना काय मिळतं? लोभ पेरतात आणि विधवा कापतात, अशा अर्थाचं काहीबाही. वाचवेना. बंद केलं.

संध्याकाळी लेक आली तेव्हा मी फडकं टाकायला विसरले. ती सरळ स्वयंपाकघरात आली, टॅबसमोर उभी राहिली. मी गॅसपाशी पाठमोरी. चहा उतू गेला तरी हात पुढे जाईना.

“आई,” ती म्हणाली, “तुमच्याकडेपण तिथेच दिसतोय?”

मी वळले. तिने स्वतःचा फोन पुढे केला. तोच नकाशा, तोच बाण, तीच जागा.

“कधीपासून बघतेयस?”

“पहिल्या दिवसापासून. रोज लाइनवर जायच्या आधी पार्किंगमध्ये बसून बघते. बाबांना बीपी आहे, म्हणून बोलले नाही.”

ह्यांनी बाहेरून विचारलं, “कोणाला बीपी आहे?”

“तुम्हाला,” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

आम्ही दोघांनी लेकीपासून आणि तिने आमच्यापासून एकच बाण लपवून ठेवला होता, आणि म्हणूनच आमच्यापैकी कोणीही सरळ मुंबईला, जहाज कंपनीच्या ऑफिसला फोन केला नव्हता. फोन करायचा तर दुसऱ्याला कळलं असतं. आमच्या घराची ही जुनी पद्धत आहे. ह्यांचं बोट मशीनमध्ये सापडलं तेव्हा ते आठवडाभर हात खिशात घालून जेवायला यायचे आणि म्हणायचे, आज डाव्या हाताने खाऊन बघतो. आणि विदुषीला ते पटायचंही. ती तेव्हा तांडव लिहीत होती.

पण खरं सांगायचं तर पद्धत हे निमित्त. फोन केला की कोणीतरी उत्तर देणार होतं, आणि ते ऐकायची छाती आमच्यात नव्हती. बाण थांबलेला असला तरी दिसत होता. तो पुसला गेला असता तर?

“मी लावते,” लेक म्हणाली.  हे सोफ्यावर बसले, पुन्हा उठले, माझ्या खुर्चीला धरून उभे राहिले.

पलीकडचा माणूस सभ्य होता. तो हिंदीत बोलत होता आणि समोरचं काहीतरी वाचल्यासारखं बोलत होता. फुकटचं ॲप फक्त किनाऱ्याजवळच्या जहाजांचे संदेश पकडतं, मॅडम. खुल्या समुद्रात गेलं की शेवटची जागा तशीच दिसत राहते. हवा खूप खराब होती, जहाजाने वेग कमी केला आहे. सॅटेलाइटचा एक अँटेना तुटला आहे, म्हणून खलाशांचं नेट बंद. रोज सकाळी जहाजाचा अहवाल येतो. सगळे सुखरूप आहेत.

“माझी मुलगी?” लेकीने विचारलं.

“सगळे सुखरूप आहेत, मॅडम.”

“मी सगळ्यांचं नाही विचारलं.”

 “अहवालात नावं नसतात, मॅडम. कोणाला काही झालं असतं तर नाव आलं असतं.”

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, “झालं तर मग.” आणि नळाखाली तोंड धुवायला गेले. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. लेकीने ओट्यावरचा सांडलेला चहा पुसला, पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. नाव नाही म्हणजे ती ठीक आहे. हे वाक्य मी मनात किती फिरवलं असेल. प्रत्येक वेळी त्याचं दुसरं टोक बोचायचं. एका सकाळी नाव येऊही शकतं.

भाषणाला मी गेले. निबंध नेला नाही. समोर खुर्च्यांवर बायका, टेबलावर माझ्यासाठी पाण्याचा ग्लास. मी त्यांना सांगितलं की घरातलं माणूस समुद्रावर गेलं की पठारावरच्या लोकांच्या तोंडात समुद्र येतो, आणि मग तो जात नाही. सुई, फळी, दोरी, सगळं सांगितलं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका तरुण मुलीने विचारलं, “मॅडम, हे लोक समुद्राचं एवढं लिहायचे ते त्यांना आवडायचा म्हणून की भीती वाटायची म्हणून?”

 मी ग्लास उचलला, त्यातलं पाणी हलत होतं. तो परत ठेवला आणि म्हटलं, “चहा घेऊया.”

मधले दिवस मी सांगत नाही. ते एकसारखे होते. आम्ही आता तिघं मिळून बाण पाहायचो एवढाच फरक. आणि ह्यांनी वाय-फाय बंद-चालू करणं सोडलं नाही.

नातीचा फोन आला तेव्हा ओट्यापाशी मी एकटी होते. टॅब खणखणला आणि पोळ्यांचा डबा खाली पडला. पडद्यावर तीच, उन्हाने काळवंडलेली, एका भुवईवर चिकटपट्टी.

“ते काय लागलंय?”

“काही नाही गं, दार लागलं. आजी, आम्ही बेटांवर डिझेल घ्यायला थांबलोय. स्पेनची बेटं. तू सांगायचीस ना, जुनी जहाजं इथे पाणी भरून पुढे जायची? तीच. इथला माणूस माझं स्पॅनिश ऐकून हसला. म्हणाला, हे कोणी शिकवलं, एवढं जुनं कोणी बोलत नाही.”

“वादळ कसं होतं?” मी विचारलं. 

तिने भुवईवरची चिकटपट्टी दाबली. मग म्हणाली, “लाटा मी पाहिल्याच नाहीत, आजी. आम्हाला खाली पाठवलं होतं, गाड्यांचे पट्टे सैल होतायत का बघायला. एक सुटली की बाकीच्यांवर आपटत जाते, मग काही खरं नसतं. जहाज इतकं कलायचं की मी दोन्ही हातांनी खांब धरायचे. आणि गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. एकाचा वाजला की शेजारचीचा. सगळा मजला. अंधार, अलार्म, आणि नुसते लाल दिवे उघडझाप करणारे. मला वाटलं मी संध्याकाळी चाकणच्या चौकात आईच्या गाडीत बसलेय आणि पुढचा ट्रेलर हलत नाहीये. मी डोळे मिटून तेच वाटून घेत होते. आत्ता सुटेल ट्रॅफिक, आत्ता सुटेल.”

जुन्या खलाशांच्या रोजनिशांमध्ये हे आहे. परक्या पाण्यावर त्यांना लाटा घरच्या टेकड्यांसारख्या दिसायच्या आणि अनोळखी बेटावरची हवा घरच्या वसंतासारखी लागायची. विदुषीने त्यावर लिहिलं होतं की ही कल्पनाशक्तीची मर्यादा होय. मी नातीला ते सांगितलं नाही.

“रडलीस?” मी विचारलं.

“तू?”

“मी चष्मा पुसत होते.”

मग लेक आली, हे आले, टॅब या हातातून त्या हातात गेला, आणि सगळे एकाच वेळी भुवईबद्दल विचारू लागले. वहिनी हाक न मारताच आल्या. टॅबमध्ये तोंड घालून म्हणाल्या, “बाई गं, किती काळी पडलीस. टोपी घालत न्हाईस व्हय?”

दुसऱ्या दिवशी जहाज निघालं. आम्ही तिघं ओट्यापाशी उभे होतो. बाण बेटांच्या कडेकडेने सरकला, मग निळ्यात शिरला. लेक आज कंपनीला उशिरा जाणार होती, ट्रेलरवर खापर न फोडता. बाण जरासा पुढे गेला, आणखी जरासा, आणि थांबला.

कोणी वाय-फायला हात लावला नाही. थोड्या वेळाने लेकीने माझा हात सोडला. तो तिने कधी धरला ते मला कळलं नव्हतं. मी टॅब पुन्हा डब्याला टेकवून ठेवला, पडदा आमच्याकडे करून, आणि कणीक घेतली. खालच्या रस्त्यावर कुठल्यातरी गाडीचा अलार्म वाजायला लागला, आणि तो बंद होईपर्यंत आम्ही तिघंही हललो नाही.